लाडकुंवरबाईंच्या नावचा हरभरा

नरडाण्याला एमआयडीसीच्या फाट्यावर माझा वजनकाटा आहे. काट्यासमोर हायवे, हायवेपलीकडे एका खाजगी कंपनीचं धान्याचं गोदाम आणि त्या गोदामात अभिमन. कंपनीच्या ओळखपत्रावर त्याच्या नावाखाली 'गोदामपाल' लिहिलेलं आहे. ते ओळखपत्र तो शेतात जातानासुद्धा गळ्यात ठेवतो. मला या माणसाचा अनेक वर्षं राग येत आला आहे आणि तरी त्याच्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस जात नाही.

पहिली तक्रार पाण्याची. माझ्या काट्याच्या खोलीमागं नळ आहे. गोदामात स्वतःचा नळ असताना हा बाबा हायवे ओलांडून माझ्याकडे हात धुवायला येतो. कोपरापर्यंत साबण लावतो, नखं घासतो, हात नाकाशी धरून वास घेतो आणि पुन्हा धुतो. बाकावर बसायला सांगितलं तर टेकल्यासारखं करतो, लगेच उठतो आणि परत नळावर जातो.

"तुना बापनी टाकी शे का?" मी विचारतो.

"नही भाऊ. पन तुनं पानी गोड शे," तो म्हणतो आणि हात झटकत निघून जातो.

दुसरी तक्रार अशी, की हा एका जागी ठरत नाही. टेबल-खुर्ची असून सारखा पोत्यांच्या थप्प्यांमधून फिरतो. मध्येच थांबून एखाद्या पोत्याला कान लावतो. हरभऱ्यात भुंगेरा पडला की आतून बारीक करकर ऐकू येते म्हणे. मी एकदा कान लावून पाहिला, मला गोणपाटाची खाज तेवढी आली.

अभिमन मूळचा शिंदखेड्याकडचा. मिसरूड फुटायच्या आधीच तो धुळ्याला ज्ञानचंद शेठच्या धान्याच्या पेढीवर लागला. शेठ वारले तेव्हा मुलगा अर्पित शाळेत होता, म्हणून शेठाणी लाडकुंवरबाई स्वतः गादीवर बसल्या. डोक्यावरून पदर, नाकावर घसरलेला चष्मा, बोलणं मोजकं. जैन घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत जेवण. पण जेवायला उठण्याआधी रोज दुकानातून हाक यायची, "अभिमन, तू जेवलास का?" ही हाक ऐकत तो म्हातारा व्हायला आला. बाईंसाठी तो विस्तवातून चालत जाईल असं आम्ही सगळे म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं.

त्या घराची एक रीत होती. चौमासा लागला की धान्यात जीव पडतात आणि जीव पडले की धुरीच्या गोळ्या टाकून ते मारावे लागतात. ते पाप घराला नको, म्हणून आषाढी चौदशीच्या आत सगळा माल विकायचा. विकायचा म्हणजे कसा, तर तेव्हा गोदामाची पावती कागदाची असायची. ज्याच्या हातात पावती त्याचा माल. पावतीच्या पाठीवर बाई सही करायच्या आणि पावती शेजारच्या रुपचंद शेठकडे जायची. रुपचंद शेठ असलं काही मानत नसत. पोतं जागचं हलायचं नाही, पण माल त्यांचा झालेला असायचा. धुरी त्यांच्या नावानं व्हायची. कार्तिकी पौर्णिमा झाली की तीच पावती सही होऊन परत यायची आणि हरभरा पुन्हा बाईंचा. आम्हाला यात काही गैर वाटत नव्हतं. प्रत्येक घराची काही ना काही सोय असते.

पुढं अर्पित हाताशी आला, माल नरडाण्याच्या या परवान्याच्या गोदामात ठेवायला लागले आणि बाईंच्या शब्दावर कंपनीनं अभिमनलाच गोदामपाल केलं. इथं पावती कागदाची नव्हती, इलेक्ट्रॉनिक होती. अभिमननं पहिली पावती छापून घेतली, धुळ्याला जाऊन ती प्लास्टिकमध्ये बसवली आणि देवाच्या फोटोशेजारी लावली. कंपनीचे साहेब आले तेव्हा ते हसून हसून लाल झाले. मग त्यांनी समजावलं, की छापलेला कागद कुणाकडेही असू दे, त्याला कवडीची किंमत नाही. खरी पावती खात्यात असते. ती एकच असते आणि एका वेळी एकाच्याच ताब्यात असते. ताबा म्हणजे काय, तर ज्याच्या मोबाईलवर आकडा येतो आणि जो तो आकडा घालून खातं उघडतो, त्याचा ताबा. त्यानं पुढं दिली की त्याच्याकडून ती गेली. गोदामाची किल्ली अभिमनकडे असली तरी खात्यातून मागणी आल्याशिवाय दाणा बाहेर जाता कामा नये.

अभिमननं हे व्रत घेतल्यासारखं मनाला लावून घेतलं. खातं बाईंच्या नावावर होतं. चौमाशाची सोय तर आणखी सोपी झाली, कारण आता सही करायलाही नको. बाई मोबाईलवर आकडा टाकायच्या आणि धुळ्यात बसल्या जागी माल रुपचंद शेठचा व्हायचा.

मग या वैशाखात लाडकुंवरबाईंनी दीक्षा घेतली. त्यांच्या मनात ते कधीपासून होतं म्हणतात. धुळ्यात वरघोडा, म्हणजे दीक्षेआधीची मिरवणूक, निघाला. बाईंना शेवटचं म्हणून नवरीसारखं सजवलं होतं आणि त्या दोन्ही हातांनी तांदूळ, नाणी, भांडी, जे हाताला लागेल ते लोकांत उधळत होत्या. मी आणि अभिमन गर्दीत होतो. माझ्या वाट्याला एक स्टीलची वाटी आली, तिच्यात मी आता टाचण्या ठेवतो. अभिमनसमोर गाडी आली तेव्हा बाईंनी ती थांबवली आणि विचारलं, "अभिमन, तुझं माझ्याकडे काही राहिलं का रे?" त्यानं नाही म्हणून मान हलवली, त्याला हुंदका आवरत नव्हता. दुपारी बाईंचे केस गेले, दागिने गेले, अंगावर पांढरं वस्त्र आणि तोंडावर पट्टी आली. नावही गेलं. आता त्या साध्वी विरतीजी.

घर, पेढी, लॉकर, इतकंच काय जुनी स्कूटरसुद्धा अर्पितनं आधीच आपल्या नावावर करून घेतली होती. आईच्या नावावर काडी राहायला नको, असा त्याचा ध्यास. दीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी तो मोबाईलच्या दुकानात गेला आणि त्यानं आईचा नंबर कायमचा बंद करून टाकला. साध्वीच्या नावानं फोन चालू असणं त्याला पाप वाटलं. हरभऱ्याची आठवण कुणालाच झाली नाही. माल अभिमनकडे आहे म्हणजे घरातच आहे, असं ते घर धरून चाललं होतं.

ज्येष्ठ सरत आला तेव्हा अर्पितला घाम फुटला. पावती रुपचंद शेठकडे द्यायला त्यानं खातं उघडायला घेतलं, तर आकडा त्या बंद नंबरवर जायला लागला. मग तो ट्रक घेऊनच नरडाण्याला आला. रिकाम्या ट्रकचं वजन मीच केलं आणि पाठोपाठ गंमत बघायला गोदामात गेलो.

"अभिमनभाऊ, थप्पी उघडा. माल सरळ रुपचंदकाकांकडे नेतो, कटकट नको," अर्पित म्हणाला.

"खातातून मागणी उनी नही, अर्पितशेठ."

"ती येणार कशी? नंबर बंद आहे. माल कुणाचा ते तुम्हाला माहीत नाही का?"

"माले माहीत शे. पन पावती बाईसना ताबामा शे."

"आईनं सगळं सोडलं. तुम्ही स्वतः होतात तिथं."

अभिमन ओळखपत्राच्या दोरीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "बाईसनी सोडं, अर्पितशेठ. पावतीनी सोडं नही."

अर्पितचा चेहरा उतरला. तो भांडला नाही, त्या घराला भांडता येत नाही. ट्रक आला तसा गेला. माझं मात्र डोकं फिरलं.

"तुले येड लागनं का?" मी म्हणालो. "ज्या घरनं मीठ खादं, त्याच घरना ट्रक रिकामा धाडा?"

तो हायवे ओलांडून नळावर गेला आणि हात धूत बसला. मी मोटर बंद केली, तरी टाकीतलं होतं तेवढं पाणी त्यानं संपवलं.

अर्पित पावत्यांची खाती बघणाऱ्या धुळ्याच्या कचेरीत गेला. सोबत दीक्षेची पत्रिका, वर्तमानपत्रातला फोटो, जैन संघाचं पत्र. तिथल्या कारकुनानं फोटोला हात जोडले आणि मग विचारलं, "खातेदार हयात आहेत ना?" हयात नसतील तर मृत्यूचा दाखला आणा, वारसाच्या नावावर करू. हयात असतील तर त्यांना घेऊन या, त्यांनी अंगठा द्यावा, नवा नंबर लावू. आता साध्वी मशीनला हात लावत नाही आणि मालकीण म्हणून अंगठा तर मुळीच देत नाही. वकील म्हणाला, संसार सोडलेला माणूस मालमत्तेपुरता मेलाच असं कायदा मानतो, पण ते कोर्टानं म्हणायला हवं आणि कोर्ट ते सावकाश म्हणेल. अर्पितनं अर्ज केला. आईच्या कानावर त्यानं यातलं काही घातलं नाही. ज्या बाईनं सगळं टाकलं तिला तुझ्या नावावर अजून हरभरा आहे असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

आणि मग भुंगेरा पडला.

अभिमननं एका दुपारी पोत्याला कान लावला आणि तसाच उभा राहिला. पोकळ सळई खुपसून दाणे काढले, तर दाण्यांना भोकं. त्या दिवसापासून माणूस भिरभिरल्यासारखा झाला. त्यानं कडेची पोती अंगणात उन्हात ओतून चाळायला घेतली, जीव चाळणीत धरून बांधाच्या सावलीत नेऊन सोडायला लागला. त्याची बायको कुंदाबाई मदतीला यायची आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नशिबाला बोल लावायची. साहेबांना कळलं तेव्हा त्यांनी ते बंद केलं, कारण सील लागलेलं पोतं असं उघडता येत नाही. शिवाय शेजारच्या थप्प्या दुसऱ्यांच्या होत्या. भुंगेरा काही पावती बघून पसरत नाही. नियम असा, की कीड दिसली की धुरी द्यायची आणि मालधारकाला कळवायचं. विचारायचं नाही, फक्त कळवायचं. कळवणारा संदेश रोज त्या बंद नंबरवर जात होता.

"सकायले धुरी दे म्हनस सायेब," अभिमन माझ्याकडे येऊन म्हणाला. "नोंदमा नाव बाईसनं लागी. जी बाई मुंगीले वाट दीसन चालस, तिना नाववर मी एवढा जीव मारू?"

"मंग नोकरी सोड," मी वैतागून म्हणालो.

"मी सोडी त दुसरा मारी. नाव तेच लागी."

मला त्याची अस्वस्थता लागली. रात्री काट्याचा हिशेब जुळेना, ट्रकवाल्यांवर मी विनाकारण खेकसायला लागलो. हवेत वारा नव्हता, नुसता उकाडा होता आणि समोर तो माणूस गोदामाभोवती फेऱ्या घालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोळ्यांचा डबा काढायला गेला आणि त्याच वेळी हायवेवरून साध्वींचा विहार आला. चौमाशासाठी त्या धुळ्याहून शिरपूरला पायी चालल्या होत्या. ऊन चढलं म्हणून पुढच्या वयस्कर गुरुणींनी माझ्या शेडच्या सावलीत थांबायची परवानगी मागितली. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तर मागून कुणी तरी तो धरला. हायवे ओलांडून आलेला अभिमन होता. "पंखा चालत नही त्यासले," तो हळूच म्हणाला. साध्वींनी जमीन मऊ झाडणीनं हळुवार झाडली आणि बसल्या. शेवटच्या साध्वीकडे पाहिलं तेव्हा मला कळलं, की या लाडकुंवरबाई. पायाला फोड आले होते. चष्मा तसाच नाकावर घसरलेला.

त्यांनी अभिमनला पाहिलं. "दया पालो," त्या म्हणाल्या. त्यांच्यात भेटणाऱ्याला असाच आशीर्वाद देतात. अभिमन कुणी मारल्यासारखा मागे सरला.

"बाई," तो म्हणाला, मग सावरून, "महाराज. तुमना हरभरा मनाजोडे शे."

"माझं आता काही नाही, अभिमन."

"पावती तुमनाच ताबामा शे. आजूनबी."

मग त्यानं सगळं सांगितलं. बंद नंबर, ट्रक, कचेरी, मृत्यूचा दाखला. जिथं त्याची जीभ अडली तिथं मी बोललो. भुंगेऱ्याशी आला तेव्हा मात्र त्याचं त्यालाच सांगावं लागलं. "आज धुरी देनी शे. नाव तुमनं लागी. म्हनीसन ईचारी राह्यनू, महाराज, मी काय करू?"

समोरून ट्रक जात होते. गुरुणींनी डोळे मिटले होते. विरतीजींच्या तोंडावरची पट्टी श्वासानं हलत होती.

"अर्पितनं मला कळू दिलं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "दरवर्षी माल रुपचंदजींच्या नावावर जायचा. तेव्हा धुरी कोण द्यायचं?"

"मीच."

"दरवर्षी?"

"नाव त्यासनं व्हतं, बाई. हात मनाच व्हतात."

हे बोलताना त्यानं हात पाठीमागं नेले. मला एकदम माझा नळ आठवला, साबण आठवला, हात नाकाशी धरून वास घेणारा अभिमन आठवला. इतकी वर्षं मी त्याच्याशी पाण्यावरून भांडत होतो.

विरतीजींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "तू जेवलास का म्हणून मी रोज विचारायची," त्या म्हणाल्या. "हे कधी विचारलं नाही."

"तुमनी काय चूक शे त्यामा."

"ऐक. मी 'दे' म्हणू शकत नाही, ते माझ्या व्रतात बसत नाही. 'देऊ नको' म्हणायला मी आता मालकीण नाही. पण नाव दुसऱ्याचं केलं की पाप दुसऱ्याचं होतं, असं धरून मी इतकी वर्षं पावती फिरवत राहिले. या साली ती फिरली नाही. बरं झालं. आज जे होईल ते माझ्या नावावर लागेल, आणि त्याचं प्रायश्चित्त मी घेईन. तू ते तुझ्या हातांवर ठेवू नकोस."

त्यांनी गुरुणींकडे पाहिलं. गुरुणींनी डोळे उघडून मान हलवली. मग विरतीजींनी दोन्ही हात जोडले, अभिमनसमोर, आणि क्षमा मागताना जैन म्हणतात ते शब्द म्हणाल्या. "मिच्छामि दुक्कडम्, अभिमन."

साध्वी गृहस्थापुढं हात जोडत नाही, उलट गृहस्थ जोडतो, एवढं मलाही ठाऊक होतं. अभिमन तिथंच गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. ऊन कललं तेव्हा साध्वी उठल्या, झाडणी काखेत घेऊन शिरपूरच्या बाजूला चालू लागल्या. लंगडत जाणारी ती शेवटची पांढरी आकृती आम्ही पुलापर्यंत पाहत राहिलो.

त्याच दिवशी अभिमननं थप्पीवर ताडपत्री ओढली, कडेनं वाळूच्या पिशव्या लावल्या, तोंडाला मास्क बांधून गोळ्या ठेवल्या. नोंदीत मालधारकाच्या रकान्यात त्यानं न अडखळता, न थांबता लिहिलं, लाडकुंवर ज्ञानचंद. पुढे कळलं, की ताडपत्री जितके दिवस होती तितके दिवस शिरपूरच्या जैन स्थानकात विरतीजींनी अन्नाचा कण घेतला नाही. अर्पित रोज फोन करून विचारायचा, "ताडपत्री निघाली का, अभिमनभाऊ?" आणि अभिमन म्हणायचा, "नही आजून." पावती अजूनही बाईंच्याच ताब्यात आहे. कोर्टाची तारीख पडते आणि पुढं जाते.

धुरी दिली त्या संध्याकाळची गोष्ट सांगायची राहिली. अभिमन हायवे ओलांडून येताना दिसला तशी मी मोटर लावून टाकी भरून ठेवली आणि नळाशी नवा साबण ठेवला. म्हटलं, आज धू बाबा पाहिजे तितके. त्यानं साबण लावला, हात धुतले, पंच्याला पुसले आणि बाकावर येऊन बसला. तो पुन्हा उठेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. तो भिंतीला टेकला आणि त्यानं पाय पसरले.

"चहा सांग ना भाऊ," तो म्हणाला.